तीन पंख्यांचं कार्ड

"गार्गी म्हणते, कॅबिनेट छोटं घेऊया," दादा म्हणाला आणि खाली मान घालून पोहे खायला लागला.

मी पोह्यांवर लिंबू पिळत होते. फोड कधीच कोरडी झाली होती, तरी पिळत राहिले.

"छोटं म्हणजे केवढं?"

त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर कॉम्प्युटरची एक पांढरी पेटी होती. एका बाजूला काच, वर कडी. दिसायला गोड होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आमच्या देवघराहून लहान होती.

"हे काय? यात डबा न्यायचा का?"

"अगं, हल्ली अशीच घेतात. आणि गार्गीला त्यातलं कळतं."

"आणि मला?"

"तुलाही कळतं गं. पण..." पुढचं त्यानं पोह्यांबरोबर गिळलं.

आई आतून ओल्या हातानं आली. "काय झालं?"

"काही नाही," आम्ही दोघं म्हणालो.

खरं तर झालं होतं ते असं. दादा नि मी लहानपणापासून एकाच जुन्या कॉम्प्युटरवर खेळत आलो. तो बाबांच्या बँकेनं भंगारात काढलेला. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला की रस्त्याकडेची झाडं चौकोनी ठोकळ्यांसारखी दिसायची, आणि समोरच्या गाडीतून धूर आला की अख्खा कॉम्प्युटर जागीच थिजायचा. एकच कीबोर्ड. डावीकडची अक्षरं माझी, उजवीकडचे बाण दादाचे. हरलो की भांडायचो, जिंकलो की आईला हाक मारायचो, आणि ती दरवेळी "वा वा" म्हणून भाजी ढवळायला जायची. तेव्हाच ठरलं होतं की दादा नोकरीला लागला की आपण आपला कॉम्प्युटर करायचा. दुकानातून आयता आणायचा नाही. एकेक भाग निवडायचा, आणायचा आणि सांगलीच्या आमच्या खोलीत, आमच्या टेबलावर, आपल्या हातानं जोडायचा. मैत्रिणी नटांचे फोटो जमवायच्या तेव्हा मी ग्राफिक्स कार्डांचे, म्हणजे खेळातली चित्रं पडद्यावर उमटवणाऱ्या भागाचे, जमवत होते. कुठल्या कार्डाला किती पंखे, कुठलं कशात बसतं, कुठलं किती तापतं, सगळं तोंडपाठ.

दादाला पुण्यात नोकरी लागली, दर शनिवारी तो घरी यायला लागला आणि आमचं ठरलेलं जवळ येत चाललं. तेवढ्यात त्याचं लग्न ठरलं.

गार्गी मिरजेची. नोकरी तिचीही पुण्यातच. बघायच्या कार्यक्रमाला मी गेले होते. दादानं भीत भीत विचारलं, "तुम्हाला छंद वगैरे?" मला वाटलं, वाचन म्हणेल, नाहीतर गाणं. ती म्हणाली, "गेम खेळते. होस्टेलवर असताना स्वतःचा पीसी जोडला होता." तिची आई कसंनुसं हसली आणि लाडवांची ताटली पुढे केली. दादाचा चेहरा मात्र दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखा उजळला. त्या क्षणी माझ्या पोटात जे दुखलं ते मला अजून आठवतं. तिला गाता येत असतं तर चाललं असतं, नाचता आलं असतं तरी चाललं असतं. तिला नेमकं तेच येत होतं जे आमचं दोघांचं होतं.

साखरपुडा झाला तसं आईनं टुमणं लावलं, "वहिनी म्हण गं तिला."

"अजून झाली नाही," मी म्हणायची. नावही घ्यायची नाही. "ती" म्हणायची. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मला शाळेत पाठ करायला लावली होती. अर्थ त्या चार महिन्यांत कळला.

छोट्या कॅबिनेटमागचं कारण मला त्या मोबाईलवरच्या चित्रातच दिसलं होतं. लग्नानंतर दोघं पुण्याला भाड्याच्या घरात राहणार होते. वर कडी असलेली पेटी उचलायची आणि चालू लागायचं. म्हणजे दादा तर जाणारच होता, तो काय मुलगा, नोकरीवाला; पण आमचा कॉम्प्युटरही ती उचलून नेणार होती. टेबल तेवढं मला राहणार.

"दादा, तो इथंच राहणार आहे ना?" मी त्या दिवशी विचारलं.

"कोण?"

"कॉम्प्युटर."

"हो गं," तो म्हणाला. "बघू. जमवून घेऊ."

'जमवून घेऊ' हा दादाचा मंत्र होता. गाडीत जागा नसली, सुट्टी नसली, दोन लग्नं एकाच दिवशी आली, त्याचं एकच उत्तर. दोन्ही डगरींवर हात ठेवून जन्म काढणारी माणसं असतात. माझा दादा त्यांच्यातला, आणि त्यात भर म्हणजे दिसायला इतका गरीब की कुणाला रागावताही येऊ नये.

मग मीही ठरवलं. ती छोटं घेते का? आपण मोठं घ्यायचं. कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड सगळ्यांत लांब. ते जेवढं लांब तेवढी पेटी मोठी लागते, तेवढा वीजपुरवठ्याचा डबाही दांडगा लागतो, आणि मग तो सगळा ऐवज कपाटासारखा एका जागी बसतो. मी असा कॉम्प्युटर करणार होते की तो पुण्याला न्यायचा म्हटलं तर दोन हमाल लागावेत.

पुढच्या शनिवारी दादा आणि मी सौंदत्तेंच्या दुकानात गेलो. दुकान गणपती पेठेच्या मागच्या बोळात, बाहेर प्रिंटरची शाई आणि आत जगातलं सगळं. सौंदत्तेंनी काउंटरवर दोन कार्डं ठेवली. एक दोन पंख्यांचं, एक तीन पंख्यांचं. लांबचं हातात घेतलं तर पोळपाट घेतल्यासारखं वाटलं. मी मनात हरखून गेले.

"काम दोन्हीचं सारखंच हाय म्हणा," सौंदत्ते म्हणाले. "ह्ये जरा गार ऱ्हातंय, एवढंच."

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं आणि "आलोच" म्हणून बाहेर गेला. काचेतून मला तो दिसत होता. पायरीवर उभा राहून हसत होता. एक हात खिशात, बुटाच्या टोकानं खडा इकडून तिकडे ढकलत. माझ्याशी फोनवर बोलताना तो खडे ढकलत असणं शक्यच नव्हतं. 'जेवलीस का, आई कुठंय, ठेवतो' एवढंच. मी बघत राहिले आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"ताई, कॅबिनेट केवढं हाय तुमचं?" सौंदत्तेंनी विचारलं. "माप बघून न्या. न्हायतर आत बसायचं न्हाई ह्ये."

"मोठं आहे," मी म्हणाले.

दादा आत आला, अजून गालात हसतच. "झालं? हेच का? बरं." त्यानं कार्डाकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

परत येताना गाडीवर मागून मी त्याच्या कानात ओरडले, "कॅबिनेट मोठं घ्यायचं मग! तिला सांगितलंस का?"

"अगं, तिला बरं वाटावं म्हणून मी नुसतं हो म्हटलंय," तो मान वळवून ओरडला. "घेणार आपण मोठंच!"

मला इतकं बरं वाटलं की घरापर्यंत मी त्याच्या पाठीला टेकून आले. नुसतं हो म्हटलंय! म्हणजे ती नुसत्या होची धनीण आणि मी खऱ्या होची. दोन आठवडे मी कॉलेजात त्या एका वाक्यावर काढले.

जोडायचा मुहूर्त पाडव्याचा ठरला. नवीन काही करायचं तर पाडव्याला, हे आईचं. शिवाय होणाऱ्या सुनेला पहिल्या सणाला जेवायला बोलवायचं, हेही आईचंच. त्यामुळे माझा मुहूर्त आणि तिचं श्रीखंड एकाच दिवशी आलं.

दादा सकाळीच पुण्याहून आला. गुढी उभारली, कडुलिंब खाऊन झाला, मग त्यानं पिशवीतून खोका काढला. खोक्यावर ती पांढरी पेटी. कडीसकट.

मी खोका फिरवून चारी बाजूंनी बघितला.

"अगं, मोठं शिल्लक नव्हतं तिथं," दादा म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "आणि बसेल गं. जमवून घेऊ."

तोंडात अजून कडुलिंबाची चव होती. मी दोन शिव्या जुळवत होते तोवर फाटक वाजलं. आई "आली, आली" म्हणत धावली. गार्गी मोतिया रंगाची साडी नेसून, हातात साखरेची गाठी घेऊन दारात उभी. आईनं तिच्या हातावर पाणी घातलं, कुंकू लावलं. मी शिव्या गिळल्या. आणि मग, गाठीची साखर तोंडात टाकताना, एकाएकी मला सौंदत्ते आठवले. आत बसायचं न्हाई ह्ये.

मग माझा राग उतरला. मी अगदी गोड झाले. चटई अंथरली, स्क्रू ड्रायव्हर आणला, सगळे खोके ओळीनं मांडले. कार्डाचा खोका मात्र सगळ्यांत मागे सरकवला. बसणार नव्हतंच ते. आणि बसलं नाही की त्या गोड पेटीकडे बघून ती काय म्हणते ते मला ऐकायचं होतं.

आईनं मदरबोर्डच्या खोक्यावर हळद-कुंकू वाहिलं. "आत नको हं," गार्गी चटकन म्हणाली. "खोक्यावरच." मीही नेमकं तेच म्हणणार होते.

साडीचा पदर खोचून ती चटईवर मांडी घालून बसली. प्रोसेसर तिनं चिमटीत धरून असा बसवला की जणू टिकली लावतेय. मी चुकीची वाट बघत होते. चूक झाली नाही. रॅमची पट्टी टकदिशी बसली. तिनं हात पुढे केला की मी मुकाट्यानं पुढची वस्तू द्यायची. दादा आमच्या दोघींच्या मधे बसून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून हसत होता. त्याला वाटत होतं, काय छान चाललंय.

"आता कार्ड," गार्गी म्हणाली.

मी खोका पुढे ओढला. तिनं कार्ड बाहेर काढलं, क्षणभर तळहातावर तोललं आणि पेटीत उतरवलं. एक टोक खाचेत गेलं. दुसरं टोक पेटीच्या पुढच्या पत्र्यावर आपटलं. अंगठाभर लांबी जास्त होती. तिनं ते तिरकं केलं, परत आपटलं.

"बसत नाहीये," ती म्हणाली.

"अरेरे," मी म्हणाले.

"जरा दाबून बघा की," दादा म्हणाला. "जमवून घेऊ."

"कौस्तुभ, हा पत्रा आहे. हा काय जमवून घेणार?" तिनं कार्ड मांडीवर ठेवलं. आवाज शांत होता. "तू म्हणाला होतास ना, दोन पंख्यांचं घेतोयस?"

"हो, म्हणजे, म्हणालो होतो..."

"म्हणालास, चैत्रालीला कुठं फरक कळतो. हट्टी आहे, दोन दिवस फुगेल, मग जे देऊ त्यात खूष."

मी दादाकडे बघितलं. ती माझ्याविषयी काही वाईट बोलली असती तर मी तयारच होते, चार महिने तयार होते. पण हे दादाचं होतं. शब्द तिनं उच्चारले तरी दादाचेच होते, त्याच्याच चालीचे. फुगेल, मग खूष.

"असं म्हणालास तू?"

"अगं, तसं नाही..."

"आणि मला काय म्हणालास? की हिला बरं वाटावं म्हणून नुसतं हो म्हटलंय. घेणार आपण मोठंच."

"नुसतं हो?" गार्गीनं विचारलं. "दुकानात माझ्याबरोबर उभं राहून, पांढरा रंग निवडून, तू नुसतं हो म्हणत होतास?"

आई आतून म्हणाली, "श्रीखंडात वेलची घातली तर चालते ना गं गार्गी?"

"चालते, आई," गार्गी दादावरची नजर न काढता म्हणाली.

"मी जरा सौंदत्तेंकडे जाऊन येतो," दादा उठला. "बदलून देतात का बघतो."

"आज पाडवा आहे, दुकान..." मी म्हणेपर्यंत तो चपला घालून फाटकाबाहेर होता. पाडव्याला दुकानं उघडी असतात, ते मला नंतर आठवलं. सगळं जग त्या दिवशी खरेदी करतं.

चटईवर आम्ही दोघी, मधे ती पेटी आणि तिच्यात न मावणारं कार्ड.

"छोटं का घेतलंस?" मी विचारलं. उत्तर माहीत होतं, पण मला तिला खोटं बोलताना बघायचं होतं.

"पुण्याला न्यायला," ती म्हणाली. "मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून. सीटचं मापसुद्धा घेतलं होतं."

मी पेटीची कडी उचलून सोडली.

"आणि तू तीन पंख्यांचं का घेतलंस?"

गार राहतं, आवाज कमी येतो, पुढची पाच वर्षं बघायला नको. कारणं माझ्याकडे पोतंभर होती. "इथून हलू नये म्हणून," मी म्हणाले.

ती हसली नाही. कार्डाच्या एका पंख्यावर बोट ठेवून तो हळूहळू फिरवत राहिली.

"साखरपुड्यानंतर आम्ही पहिल्यांदा दोघंच जेवायला गेलो होतो," ती म्हणाली. "मी साडी नेसले होते. मला साडी नेसायला किती वेळ लागतो ते तुला माहीत नाही. आणि तू त्याला वीजपुरवठ्याच्या डब्यांचे फोटो पाठवत होतीस. एकामागून एक. तो म्हणाला, एक मिनिट हं, चैतूला सांगतो. त्याची भाजी गार झाली. माझी पण."

"तो तुझ्याशी बोलताना खडे ढकलतो," मी म्हणाले.

"काय?"

"रस्त्यावरचे. बुटानं. माझ्याशी बोलताना नाही ढकलत."

"मला तुझा फार राग येतो," ती म्हणाली.

"मला पण तुझा."

"चैतू असं म्हणते, चैतूला विचारतो, आम्ही लहानपणी असं करायचो. मला वाटायचं, हा माणूस आधीच कुणाबरोबर तरी वीस वर्षं राहून आलाय. आता मी कुठं बसू? म्हटलं, निदान तो कॉम्प्युटर तरी तिच्या टेबलावरून उचलायचा."

आज या गोष्टीला बरीच वर्षं झाली. पण ते ऐकताना माझं काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. माझा कुणाला मत्सर वाटू शकतो हे मला माहीतच नव्हतं. मला वाटत होतं, जळायचं काम एकटी मी करतेय आणि ती तिकडं मजेत आहे. ती तर माझ्याइतकीच जळत होती, भाजी गार होईपर्यंत. मला ते फार म्हणजे फार आवडलं.

"कार्ड बसणार नाही हे तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"दुकानातच. सौंदत्ते म्हणाले होते. आणि तुला?"

"तू खोका मागे सरकवलास ना, तेव्हा. त्याच्यावर तीन पंख्यांचं चित्र आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा चेहरा बघायचा होता."

मग मात्र आम्ही दोघी हसलो. फार नाही. आई डोकावून गेली, आणि नणंद-भावजया हसताना बघून समाधानानं परत आत गेली.

"चालवून तर बघू," गार्गी म्हणाली.

पेटीशिवाय कॉम्प्युटर चालतो हे पुष्कळांना माहीत नसतं. पेटी नुसती अंगरख्यासारखी. आम्ही मदरबोर्डचा हळद-कुंकवाचा खोका टेबलावर ठेवला, त्याच्यावर मदरबोर्ड पेटीतून काढून उघडाच मांडला, वीजपुरवठा शेजारी. कार्ड खाचेत बसवलं आणि त्याच्या मोकळ्या टोकाखाली आधाराला माझी कंपासपेटी दिली. चालू करायचं बटण पेटीबरोबर गेलेलं, म्हणून दोन बारीक पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं एकमेकींना टेकवायच्या. ते कोण करणार यावर आम्ही क्षणभर एकमेकींकडे बघितलं.

"कर तू," ती म्हणाली.

मी टेकवलं. तिन्ही पंखे एकदम फिरले.

खेळ चढवून सुरू व्हायला बराच वेळ गेला. मधे आईनं दोनदा जेवायला बोलावलं. शर्यत लागली तेव्हा पहिल्यांदाच मला त्या रस्त्याकडेची झाडं झाडांसारखी दिसली. पानं होती त्यांना. आणि पहिल्याच शर्यतीत गार्गीनं मला हरवलं. दुसरीतही. वळणावर ती गाडी अशी काढायची की माझ्या नाकाला मिरच्या झोंबाव्यात. राग आलाच, तो काय लगेच जातो? पण आता तो तिच्या तोंडावर करता येत होता.

"चिडकी आहेस," ती म्हणाली.

"आणि तू खडूस."

दादा परतला तो दारातच थांबला. "ते म्हणाले, उघडलेलं कार्ड परत घेत नाहीत," त्यानं सांगितलं. आम्ही दोघींनी मान वळवली नाही. शर्यत शेवटच्या फेरीत होती.

"मला पण एक..." तो म्हणाला.

"थांब," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

त्या दिवशी श्रीखंड खाताना दादा आमच्यापेक्षा फार कमी बोलला.

पेटीचा निकाल लग्नापर्यंत लागला नाही. छोटी पेटी रिकामी कॉटखाली पडून राहिली. कॉम्प्युटर उघडाच आमच्या टेबलावर. धूळ बसू नये म्हणून आई त्याच्यावर स्वैपाकघरातला पंचा टाकायची. दादा विचारायचा, "मग काय करायचं?" मी म्हणायची, "तिला विचार." ती म्हणायची, "चैत्रालीला विचार." त्याच्या दोन्ही डगरी सरकल्या होत्या. कार्ड तसंच ठेवायचं तर मोठी पेटी आणायची, म्हणजे कॉम्प्युटर माझ्याकडे. छोटी ठेवायची तर कार्ड दुसरं, म्हणजे कॉम्प्युटर पुण्याला. मी माघार घेणार नव्हते, आणि ती घेईल असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं.

लग्न वैशाखात मिरजेला झालं. मी करवली. सकाळपासून मी छान वागत होते, पण मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर झाला आणि दादा तिच्याकडे बघून हसला, तेव्हा मला पुन्हा पोटात तेच दुखलं. कॉम्प्युटरचा प्रश्न सुटला नव्हता तसा हाही सुटला नव्हता. मी एका खांबाला टेकून उभी राहिले.

होम झाला. गुरुजी म्हणाले, "आता कानपिळीचा मान. वधूचा भाऊ कुठं आहे?" नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, आणि नवरदेवानं त्याला मागेल ते द्यायचं. गार्गीला सख्खा भाऊ नव्हता. एक मावसभाऊ नवे बूट घालून तयार होता, तो पुढे सरसावला.

"थांब रे," गार्गी म्हणाली. "माझ्या बाजूनं चैत्राली पिळेल."

मांडवात एकदम कुजबुज झाली. आमची मोठी आत्या म्हणाली, "नवऱ्याची बहीण? हे उलटंच काहीतरी." मावसभावाचं तोंड उतरलं. आईनं कपाळाला हात लावला.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "कान पिळल्याशी कारण. करा लवकर, पंगत खोळंबली आहे."

मी खांबापासून निघाले. दादाच्या मागे जाऊन उभी राहिले, म्हणजे तिच्या बाजूला. तिनं मुंडावळ्या सावरत माझ्याकडे मान कलती केली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "मोठं माग."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती समोर होमाकडे बघत होती, चेहरा अगदी सरळ.

एखादी मोठ्या मनाची नणंद असती तर म्हणाली असती, नको, छोटंच असू दे, घेऊन जा तुम्ही. मी तेवढ्या मोठ्या मनाची नव्हते. आजही नाही. मी दादाचा कान धरला आणि इतक्या महिन्यांचा सगळा हिशोब बोटांत आणून पिळला.

"आई गं! अगं, हळू!"

"हिला नीट सांभाळ," मी म्हणाले. "आणि हिच्याशी नुसतं हो म्हणायचं नाही."

लोक हसले. दादा वेदनेनं तोंड वाकडं करून म्हणाला, "बरं, बरं. काय पाहिजे बोल."

"कॅबिनेट," मी म्हणाले. "मोठं. आमच्या टेबलावरून हलणार नाही असं."

कुणाला काही कळलं नाही, तरी लोक पुन्हा हसले. लग्नात हसायला कारण लागत नाही. दादा मात्र हसला नाही. त्यानं चटकन गार्गीकडे बघितलं. ती रागावेल, काहीतरी बोलेल, मग तो आम्हा दोघींच्या मधे बसून समजूत काढेल, अशी त्याला आशा असावी. गार्गी शालूवरची अक्षत झटकत होती. मग त्यानं मान जमेल तेवढी वळवून माझ्याकडे बघितलं.

"हे तुमचं दोघींचं कधी ठरलं?" त्यानं हळूच विचारलं.

त्या आवाजात काय होतं ते मांडवात इतर कुणाला कळलं नसेल. मला लगेच कळलं, ते दुखणं माझ्या ओळखीचं होतं. मी गार्गीकडे बघितलं, तिलाही कळलं होतं. आम्ही दोघींनी त्याला उत्तर दिलं नाही, आणि कान मी अजून सोडला नव्हता.